माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्न: जुन्या नॅशनल रोडवरचा एक मुक्काम

पिट्सबर्ग, मेरीलँड किंवा उत्तर व्हर्जिनियात राहणारी मराठी कुटुंबे भारतातून आई-वडील आले, की हमखास दोन ठिकाणांचा बेत आखतात. एक ओहायोपाइलचा धबधबा आणि दुसरे वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेले फॉलिंगवॉटर हे घर. तिथून थोड्याच अंतरावर, पेनसिल्व्हेनियातील फार्मिंग्टनजवळ, फोर्ट नेसेसिटी हे राष्ट्रीय रणक्षेत्र आहे. याच रणक्षेत्राच्या हद्दीत, ४० क्रमांकाच्या महामार्गालगतच्या एका उंचवट्यावर, लाल विटांची एक भरभक्कम इमारत उभी आहे. तिचे नाव माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्न. बहुतेक पाहुणे खालच्या कुरणातला लाकडी किल्ला पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परत फिरतात. माझे मत असे, की हाताशी वेळ कमी असेल, तर किल्ल्याजवळचा वेळ थोडा कमी करावा, पण टॅव्हर्न चुकवू नये. किल्ला ही पुन्हा उभारलेली वास्तू आहे, तर टॅव्हर्न ही ज्या रस्त्यासाठी बांधली गेली त्याच रस्त्याच्या कडेला, मूळ जागी टिकून राहिलेली वास्तू आहे.

ही इमारत समजून घ्यायची, तर आधी रस्ता समजून घ्यावा लागतो. अ‍ॅपलॅशियन डोंगरांच्या अलीकडची किनारपट्टी आणि पलीकडचे ओहायो नदीचे खोरे यांना जोडणारा एकही धड रस्ता नव्हता, त्या काळात, म्हणजे १८०६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने एक कायदा केला आणि राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी त्यावर सही केली. त्यातून झालेला नॅशनल रोड हा संघराज्याच्या तिजोरीतून बांधला गेलेला देशातला पहिला महामार्ग. अर्थमंत्री अल्बर्ट गॅलटिन यांनी त्याचा पाठपुरावा केला होता आणि त्यांचे स्वतःचे घरही याच परिसरात होते. रस्त्यासाठी ६६ फूट रुंदीचा पट्टा मोकळा करावा आणि चढ कुठेही पाच अंशांपेक्षा जास्त नसावा, अशी अट कायद्यातच घातलेली होती. १८११ मध्ये मेरीलँडमधल्या कंबरलँडहून काम सुरू झाले आणि १८१८ मध्ये रस्ता ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगपर्यंत पोहोचला. खडीचे थर घालताना मजुरांना लोखंडी कड्या दिलेल्या असत. तळाच्या थरातला दगड सात इंची कडीतून आणि वरच्या थरातला तीन इंची कडीतून पार झाला पाहिजे, असा नियम होता. जो दगड अडेल, तो पुन्हा हातोड्याने फोडायचा. एवढ्या काटेकोरपणे केलेला रस्ताही अवजड गाड्यांच्या लोखंडी धावांखाली काही वर्षांतच खचला, यावरून त्यावर किती वर्दळ होती याची कल्पना येते.

या वर्दळीच्या ऐन भरात, १८३० च्या आसपास, युनियनटाउनचे न्यायाधीश नथॅनियल युइंग यांनी हे टॅव्हर्न बांधले. नावातला ‘वॉशिंग्टन’ केवळ शोभेसाठी आलेला नाही. १७५४ च्या ३ जुलैला याच कुरणात, भर पावसात, तेव्हा ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या तरुण जॉर्ज वॉशिंग्टन यांना फ्रेंच आणि त्यांच्या मूळ अमेरिकी (इंडियन) सहकाऱ्यांपुढे शरणागती पत्करावी लागली होती. त्यांच्या साऱ्या लष्करी कारकिर्दीतली ती एकमेव शरणागती. पुढे १७६९ मध्ये त्यांनी हीच जमीन विकत घेतली आणि १७९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्यांच्याच मालकीची राहिली. १८४० मध्ये टॅव्हर्न जेम्स सँपी यांच्याकडे आले आणि त्यांच्या कुटुंबाने ते चालवले.

टॅव्हर्न म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दारूचा गुत्ता येतो. त्या काळच्या रस्त्यावर मात्र या एकाच छपराखाली खाणावळ, मुक्कामाची जागा, घोडे बदलण्याचा टप्पा, टपालाची थांबण्याची जागा आणि गावगप्पांचा कट्टा असे सगळे असे. त्यातही सर्व टॅव्हर्न एका जातीची नव्हती. माल वाहणाऱ्या कोनेस्टोगा गाड्यांचे गाडीवान साध्या, स्वस्त ठिकाणी उतरत. अंगणात गाड्या लावायच्या, सहा-सहा घोड्यांना दाणा-वैरण घालायची आणि रात्री शेकोटीभोवती जमिनीवरच आपापली वळकटी पसरायची, असा त्यांचा शिरस्ता होता. गुरे-डुकरे हाकत नेणाऱ्यांना कुंपण घातलेली मोठी आवारे लागत, त्यामुळे त्यांची ठिकाणे आणखी वेगळी. माउंट वॉशिंग्टन हे प्रामुख्याने स्टेजकोचने, म्हणजे भाडे भरून प्रवासी घोडागाडीने जाणाऱ्या उतारूंचे ठिकाण होते. गुड इंटेंट या गाडी-कंपनीचा इथे थांबा होता आणि युनियनटाउनच्या ल्युशियस स्टॉकटन यांची नॅशनल रोड स्टेज कंपनी ही तिची कडवी प्रतिस्पर्धी होती. कंपन्यांचे थांबे ठरलेले असल्यामुळे एका कंपनीच्या गाडीतला उतारू दुसरीच्या टॅव्हर्नमध्ये सहसा उतरत नसे. भाडे भरतानाच आपण जेवणार कुठे आणि झोपणार कुठे, हेही एक प्रकारे ठरून जात होते.

इमारतीचा दर्शनी भाग पाहूनच हा हिशेब लक्षात येतो. मधोमध दार, दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या, टोकांना धुराडी, सगळे नेमस्त आणि प्रमाणबद्ध. दुरून गाडीत बसून येणाऱ्या थकल्या माणसाला इथे अंथरूण-पांघरूण धड मिळेल, असा भरवसा त्या दर्शनी बाजूनेच द्यायचा होता. आत शिरल्यावर मधल्या मार्गिकेच्या दोन अंगांना खोल्या आहेत आणि मला ही मार्गिकाच सर्वांत बोलकी वाटली. दारातून आत आलेल्या माणसाने कुठे वळायचे, हे तो कोण आहे यावर अवलंबून होते. एका खोलीत बार आणि दुसऱ्या खोलीत बैठकीचा दिवाणखाना, आणि त्या दोहोंच्या मध्ये जेमतेम काही पावलांचे अंतर.

बारच्या खोलीत थाटमाट अजिबात नाही. लाकडी बाके, खुर्च्या, टेबले, मद्य देण्याची जागा, भांडी, एवढेच. ही पुरुषांची खोली होती. गाडी हाकणारे, आसपासचे शेतकरी, घोड्यांची देखभाल करणारे, पाय मोकळे करायला उतरलेले उतारू असे सगळे इथे जमत. याच भागात राय धान्यापासून बनणारी मोनोंगाहेला व्हिस्की प्रसिद्ध होती आणि ती स्वस्तात मिळे. निवडणुका, जमिनीचे भाव, ओहायोतले पीक, पुढच्या चढावर बर्फ आहे की चिखल, या सगळ्याची खबरबात पूर्वेकडून येणारा पश्चिमेकडे जाणाऱ्याला इथेच देत असणार. मी या खोलीच्या उंबरठ्याशी बराच वेळ रेंगाळलो. वस्तूंची गर्दी न करता, जेवढे लागते तेवढेच मांडल्यामुळे खोली वापरातली वाटते, आणि जुन्या वास्तूंच्या मांडणीत हे फार कमी वेळा साधते. अनेक ठिकाणी जुने म्हणून जे-जे हाती लागेल ते रचून ठेवलेले असते. इथे तो मोह टाळला आहे.

दिवाणखान्यात पाऊल टाकावेसे वाटते ते तिथल्या मऊपणामुळे. बारच्या मानाने इथले सामान नाजूक, भिंती प्रसन्न आणि बैठक आरामाची. स्त्रिया, मुले आणि चांगल्या घरातले समजले जाणारे उतारू इथे विसावत. बारमधला धूर, थुंकणे आणि मोठ्या आवाजातली भांडणे दाराआड राहत. एका गाडीत तीन बाकांवर नऊ जण गुडघ्याला गुडघा लावून दिवसभर धक्के खात आलेले असत. टॅव्हर्नच्या दारात उतरताच त्याच नऊ जणांची दोन खोल्यांत विभागणी होई. गाडीत नाइलाजाने मिटलेले अंतर इथे पुन्हा आखले जात होते. माहितीफलक वाचून हे कळले असते, पण खोल्या प्रत्यक्ष समोरासमोर पाहिल्यावर ते जसे उमगते, तसे वाचून उमगत नाही.

वरचा मजला म्हणजे झोपण्याच्या खोल्या आणि इथे मात्र खालच्या मजल्यावरचा सगळा भेद अर्धाअधिक विरघळतो. एका खोलीत अनेक खाटा आणि एका खाटेवर एकाहून अधिक माणसे, अशी तेव्हाची रीत होती. आपल्या शेजारी कोण झोपणार हे उतारूने विचारायचे नसे, कारण रात्री उशिरा दुसरी गाडी आली, तर तिच्यातला कोणीतरी अनोळखी माणूस तुमच्याच गादीवर येऊन आडवा व्हायचा. पहाटे अंधारात गाडी पुढे निघत असल्यामुळे झोपायला मिळत तेच मुळी थोडे तास. स्वतंत्र खोली, स्वतंत्र खाट, आतून कडी लावण्याची सोय, या ज्या गोष्टी आज आपण साध्यातल्या साध्या लॉजमध्येही गृहीत धरतो, त्या तेव्हा पैसेवाल्यालाही सहजी मिळत नव्हत्या. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना या खाटा नीट पाहू द्याव्यात. फोर्ट, लढाई, तह यांपेक्षा ही गोष्ट त्यांच्या लवकर लक्षात राहते.

घोड्यांच्या जोड्या साधारण बाराएक मैलांवर बदलल्या जात आणि ताज्या घोड्यांमुळेच स्टेजकोचला वेग राखता येई. मालाच्या गाडीला मात्र तेच घोडे दिवसभर ओढत असल्यामुळे ती दिवसाकाठी पंधराएक मैलच कापत असे. त्यामुळे डोंगराळ पट्ट्यात जवळजवळ दर मैलाला एखादे टॅव्हर्न होते, ही गोष्ट ऐकायला अतिशयोक्तीची वाटली, तरी हिशेबात बसते. अँड्र्यू जॅक्सन, जेम्स पोक, झॅकरी टेलर हे राष्ट्राध्यक्ष याच रस्त्याने गेले. १८२५ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढलेले फ्रेंच सेनानी मार्की द लाफायेत यांचा युनियनटाउनमध्ये मोठा सत्कार झाला. याच रस्त्यावरून गुलामांचे तांडेही नेले जात. जोड्याजोड्यांनी एका जाड, लांब दोराला बांधलेली ती माणसे वाट चालताना पाहिल्याच्या आठवणी रस्त्याकाठच्या लोकांनी पुढे सांगितल्या. रस्त्याचे कौतुक करताना हे विसरता येत नाही, आणि दिवाणखान्याच्या खिडकीतून महामार्गाकडे पाहताना मला तेच सारखे आठवत राहिले. या खिडक्यांतून त्या काळी जे दिसले असेल, त्यात तेही होते.

पथकराची गोष्ट टॅव्हर्नमध्ये पुरती कळत नाही. त्यासाठी पूर्वेला अ‍ॅडिसन गावी जावे. संघ सरकारने रस्ता बांधला खरा, पण त्याच्या डागडुजीचा खर्च कोणी करायचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. केंद्राने पथकर वसूल करावा, असे विधेयक १८२२ मध्ये काँग्रेसने मंजूर केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांनी राज्यघटनेचा आधार देऊन ते नाकारले. अखेर १८३० च्या दशकात रस्ता त्या-त्या राज्यांच्या हवाली झाला आणि राज्यांनी नाके उभारले. पेनसिल्व्हेनियातील सहा नाक्यांपैकी दोन आज उभे आहेत, अ‍ॅडिसनचा दगडी आणि युनियनटाउनच्या पश्चिमेचा सीराइट्सचा विटांचा. दोन्ही १८३५ चे. दरपत्रक वाचण्यासारखे आहे. वीस मेंढ्या किंवा डुकरांना सहा सेंट, वीस गुरांना बारा सेंट, घोडा आणि स्वार मिळून चार सेंट. त्याहून लक्ष वेधून घेणारी गोष्ट म्हणजे चाकाची धाव जितकी रुंद, तितका कर कमी. अरुंद चाक खडीत रुतून रस्ता फाडते आणि रुंद चाक तीच खडी दाबून घट्ट करते, म्हणून रस्त्याचे नुकसान करणाऱ्याने अधिक पैसे भरावेत, असे हे साधे, न्याय्य गणित होते. अवजड वाहनांच्या अक्षभारावरून आज आपण जे वाद घालतो, त्याचे उत्तर त्या फलकावर फार स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे.

रस्त्याच्या कडेला ओतीव लोखंडाचे मैलदर्शक खांबही अधूनमधून दिसतात. गाडी चालवताना ते सहज निसटतात. एखाद्या सुरक्षित जागी गाडी थांबवून त्यातला एक तरी जवळून पाहावा. कंबरलँड इतके मैल, व्हीलिंग इतके मैल, आणि जवळच्या गावाचे अंतर, एवढाच मजकूर त्यावर आहे. पायी किंवा बैलांच्या चालीने जाणाऱ्यासाठी तो एक-एक आकडा किती मोलाचा असेल, ते दोन टॅव्हर्नमधले चढ पाहिल्यावर पटते.

या साऱ्या व्यवसायाचा अंत झटकन झाला. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोहोचली, तरी डोंगरापलीकडे जाणाऱ्याला इथूनच घोडागाडीने जावे लागत होते, आणि उलट त्या काही वर्षांत इथली वर्दळ वाढलीच. पण १८५२ मध्ये एकीकडे हीच रेल्वे व्हीलिंगपर्यंत आणि दुसरीकडे पेनसिल्व्हेनिया रेल्वे पिट्सबर्गपर्यंत गेली, तेव्हा डोंगरातल्या उतारूंचा आधार तुटला. १८५५ मध्ये टॅव्हर्न फेझनबेकर कुटुंबाला विकले गेले आणि पुढची सुमारे पाऊणशे वर्षे ते एका शेतकरी कुटुंबाचे घर होते. इमारत वाचली ती या राहत्या वापरामुळे, असे मला वाटते. ओस पडलेली कितीतरी टॅव्हर्न छत कोसळून, विटा उचलल्या जाऊन नाहीशी झाली, आणि इथे चूल पेटती राहिल्यामुळे भिंती उभ्या राहिल्या. १९३२ मध्ये राज्याने ती विकत घेतली आणि १९६१ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. त्याच १९३२ मध्ये खालचा किल्ला आधी चौकोनी बांधला गेला होता. १९५० च्या दशकातील उत्खननात तो मुळात वर्तुळाकार असल्याचे सिद्ध झाले आणि तो नव्याने बांधावा लागला. टॅव्हर्नच्या बाबतीत असा प्रश्नच उद्भवला नाही.

आता उपयोगाचे मुद्दे. हे संग्रहालय आहे, राहण्याची किंवा जेवण्याची सोय इथे नाही. जुन्या मुक्कामाच्या जागेत प्रत्यक्ष रात्र काढण्याची हौस असेल, तर याच रस्त्यावर पश्चिमेला सिनरी हिल गावी १७९४ पासूनचे सेंच्युरी इन आहे. २०१५ च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले होते आणि त्यानंतर ते पुन्हा उभे केले गेले. फार्मिंग्टनमध्येच १८२२ चे फेयेट स्प्रिंग्ज हॉटेल आज स्टोन हाउस या नावाने ओळखले जाते. दोन्हीकडे जाण्यापूर्वी फोन करून चौकशी करावी. रणक्षेत्रात प्रवेशासाठी पैसे घेतले जात नाहीत, मात्र टॅव्हर्न हंगामी वेळापत्रकानुसार उघडे असते आणि हिवाळ्यात ते बंद असते. त्यामुळे निघण्यापूर्वी उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ पाहून घेणे आवश्यक आहे. डिसेंबरच्या सुटीत आई-वडिलांना घेऊन जाणार असाल, तर इमारत बाहेरूनच पाहावी लागेल. वरच्या मजल्यावर जिन्यानेच जावे लागते, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तळमजल्यावरच्या खोल्या निवांत पाहाव्यात. तेवढ्यानेही बरेच हाती लागते.

माझी सूचना अशी, की सुरुवात २००५ मध्ये उघडलेल्या माहिती-केंद्रापासून करावी. तिथे रणक्षेत्र आणि नॅशनल रोड या दोहोंची माहिती एकत्र मिळते. नंतर किल्ला थोडक्यात पाहून टॅव्हर्नकडे चढावे. दुपार मोकळी असेल, तर मैलभर पश्चिमेला ब्रिटिश सेनापती जनरल एडवर्ड ब्रॅडॉक यांचे स्मारक आहे. फ्रेंचांविरुद्धच्या १७५५ च्या मोहिमेत ते जखमी होऊन मरण पावले, तेव्हा शत्रूला थडगे सापडू नये म्हणून त्यांना रस्त्यातच पुरून त्यावरून सैन्याच्या गाड्या नेल्या गेल्या. १८०४ मध्ये रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरांना जे अवशेष सापडले, ते त्यांचेच मानले गेले. डोंगरातला नॅशनल रोड बराचसा ब्रॅडॉकच्या सैन्याच्या त्याच वाटेला धरून गेला आहे. उलट पूर्वेकडे निघालात, तर अ‍ॅडिसनच्या नाक्याआधी योकगेनी नदीवरचा जलाशय लागतो. १९४० च्या दशकातील धरणामुळे सोमरफील्ड हे गाव आणि १८१८ चा तीन कमानींचा दगडी पूल या पाण्याखाली गेले. पावसाने फार ओढ दिली आणि जलाशयाची पातळी बरीच उतरली, तर शरद ऋतूत तो पूल उघडा पडतो आणि लोक त्यावरून चालून येतात. तेव्हा कोरडे वर्ष असेल, तर पुलाचा बेतही याच फेरीत बसवता येईल. वळणे आणि चढ पाहता अ‍ॅडिसनसाठी वेगळा दीड-दोन तासांचा वेळ धरावा.